डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून ठिबकणारे पाणी: गळती थांबणे आणि छिद्र बुजणे यांत फरक आहे

अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण शुद्धीवर येतो, जखमा भरू लागतात, घरी जाण्याची बोलणी सुरू होतात आणि अशा वेळी तो वाकून चप्पल घालायला गेला की त्याच्या एका नाकपुडीतून स्वच्छ पाण्याचे चार-सहा थेंब टपकन खाली पडतात. घरच्यांना ती सर्दी वाटते. डॉक्टर मात्र ते ऐकताच थांबतात, त्याला पुन्हा वाकायला सांगतात, थेंब एका बाटलीत धरतात आणि म्हणतात की हे मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. नातेवाइकांच्या मनात त्यानंतर जे प्रश्न उठतात ते जवळपास सगळीकडे सारखेच असतात. मेंदू कोरडा पडेल का, लगेच ऑपरेशन का करत नाहीत, आणि आपोआप थांबले तर पुन्हा ऑपरेशनची गरजच काय? या प्रश्नांची उत्तरे एका साध्या गोष्टीवर अवलंबून आहेत. खरा धोका बाहेर जाणाऱ्या पाण्याचा नसून त्याच वाटेने आत येऊ शकणाऱ्या जंतूंचा आहे.

हे पाणी येते कुठून?

मेंदू आणि मज्जारज्जू ज्या स्वच्छ, पातळ द्रवात बुडालेले असतात त्याला शास्त्रीय भाषेत मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याला ‘सीएसएफ’ म्हणतात. आपण या लेखात त्याला मेंदूचे पाणी म्हणू. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये रक्तवाहिन्यांचे बारीक झुबके असतात आणि त्यांतून हे पाणी अखंड पाझरत असते. प्रौढ माणसाच्या डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून ते कोणत्याही क्षणी सुमारे १५० मिलिलिटर असते, पण दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर तयार होते. म्हणजे जुने पाणी रक्तात शोषले जाऊन सगळा साठा दिवसातून तीन-चार वेळा नवा होतो.

या पाण्याचे काम मोठे आहे. पाण्याने भरलेली घागर विहिरीच्या पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पृष्ठभागाच्या वर येताच दोर हाताला ओढू लागतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. सुमारे १,४०० ग्रॅमचा मेंदू या पाण्यात तरंगत असल्यामुळे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅम असल्यासारखा जाणवतो आणि तो स्वतःच्या वजनाने कवटीच्या तळावर दाबला जात नाही. म्हणूनच बरेच पाणी निघून गेले तर उठून बसल्यावर डोके दुखते आणि आडवे झाल्यावर बरे वाटते. परंतु मेंदू कोरडा पडेल ही भीती मात्र निराधार आहे, कारण नवे पाणी तयार होणे थांबत नाही.

छिद्र नेमके कुठे पडते?

कवटीचा वरचा भाग जाड आणि भक्कम असतो. तळाची गोष्ट वेगळी आहे. नाकाच्या छताशी जे हाड असते त्याला चाळणीसारखी भोके असतात, कारण वासाच्या नसांचे धागे त्यांतून मेंदूकडे जातात. या चाळणीच्या बाजूची पट्टी तर कागदासारखी पातळ असते. या हाडांच्या वर ‘ड्युरा’ नावाचे मेंदूचे बाहेरचे चिवट आवरण असते आणि ते नेमके इथेच हाडाला अगदी घट्ट चिकटलेले असते. काचेवर डिंकाने चिकटवलेला कागद काच तडकली की तिच्याबरोबरच फाटतो, तसेच इथे होते. हाडाला भेग पडली की तिच्या रेषेत ड्युराही फाटतो, खाली नाकाचे नाजूक अस्तर उसवते, आणि वरचे निर्जंतुक पाणी व खालचे जंतूंनी भरलेले नाक यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

कानामागच्या हाडाला भेग गेली तर पाणी कानातून येते. पण कानाचा पडदा शाबूत असेल तर ते तिथे अडते आणि मधल्या कानाला घशाशी जोडणाऱ्या नळीतून नाकामागे उतरते. छत एकीकडे चिरलेले असते आणि ओल दुसऱ्याच भिंतीवर उमटते, त्यातला हा प्रकार आहे. नाकातून पाणी येते म्हणून छिद्र नाकातच असेल असे गृहीत धरून शोध घेणारा शल्यविशारद फसू शकतो, आणि म्हणून दुरुस्तीपेक्षाही छिद्राची जागा शोधण्याला या उपचारात अधिक महत्त्व आहे असे मला वाटते.

डोक्याला मार लागलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण दोघांना अशी गळती होते. कवटीच्या तळाचे हाड मोडलेल्यांमध्ये हे प्रमाण शंभरात दहा ते तीस इतके असते. बहुतेकांमध्ये ती पहिल्या ४८ तासांत दिसते आणि जवळजवळ सर्वांमध्ये तीन महिन्यांच्या आत. उशीर होण्याचे कारण असे की सुरुवातीला सूज आणि रक्ताची गुठळी बोळ्यासारखी छिद्रात बसलेली असते. सूज उतरली आणि गुठळी विरघळली की वाट मोकळी होते.

सर्दी आणि ही गळती ओळखायची कशी?

सर्दीचे पाणी बहुधा दोन्ही नाकपुड्यांतून येते, चिकट असते आणि रुमालावर वाळले की तो भाग कडक होतो. मेंदूचे पाणी बहुधा एका बाजूने येते, पाण्यासारखेच पातळ असते, वाकल्यावर किंवा कुंथल्यावर वाढते आणि रुमाल वाळल्यावर मऊच राहतो. घशामागे उतरत असेल तर रुग्णाला खारट चव लागते. सकाळी उठताच एकदम धार येणे हेही एक लक्षण आहे, कारण रात्रभर सायनसच्या पोकळीत साठलेले पाणी बसल्याबरोबर बाहेर सांडते.

ही लक्षणे संशय घेण्यापुरती आहेत, निदानासाठी नाहीत. रक्तमिश्रित थेंब कापडावर टाकला की मध्ये लाल ठिपका आणि भोवती फिकट कडे दिसते, ही जुनी खूण अजूनही सांगितली जाते. पण रक्तात लाळ किंवा अश्रू मिसळले तरी तसेच कडे उमटते. साखरेची पट्टी बुडवून पाहण्याची पद्धतही आता विश्वासार्ह मानत नाहीत, कारण रक्ताचा अंश असला तरी साखर सापडतेच. आज भरवशाची मानली जाणारी चाचणी ‘बीटा-२ ट्रान्सफेरिन’ या प्रथिनाची आहे. हे प्रथिन मेंदूच्या पाण्यात असते, आतल्या कानातील व डोळ्याच्या आतील द्रवांतही थोडे असते, पण शेंबडात किंवा अश्रूंत नसते. त्यामुळे काही थेंबांवरूनही प्रश्न निकाली निघतो. म्हणून ठिबकणारे पाणी पुसून टाकण्याऐवजी स्वच्छ बाटलीत धरून ठेवणे, ही नातेवाइकांच्या हातून होऊ शकणारी खरी मदत आहे.

गळती आहे हे ठरल्यावर ती कुठून आहे हे पाहायचे असते. त्यासाठी अगदी पातळ कापांचा सीटी स्कॅन हाडातली भेग दाखवतो आणि विशिष्ट पद्धतीने काढलेला एमआरआय पाण्याची वाट आणि छिद्रात अडकलेला मेंदूचा भाग दाखवतो. दोन्हींत एकाच जागी खूण सापडली तर शल्यविशारद निर्धास्त होतो.

मग लगेच शिवून का टाकत नाहीत?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो रास्तही आहे. उत्तर असे की अपघातानंतरच्या बहुतेक गळत्या योग्य काळजी घेतली तर साधारण आठवड्याभरात आपोआप थांबतात. कानाकडच्या गळत्यांमध्ये तर हे अधिकच घडते. नुकत्याच मार लागलेल्या, सुजलेल्या मेंदूच्या आसपास काम करण्याचा धोका पत्करण्यापूर्वी शरीराला ही संधी देणे शहाणपणाचे ठरते.

या काळात सगळा प्रयत्न डोक्यातला दाब कमी ठेवण्याचा असतो. उशाकडची बाजू सुमारे ३० अंश उंच ठेवतात, खोकला आवरण्याचे आणि बद्धकोष्ठ होऊ न देण्याचे औषध देतात, वजन उचलू देत नाहीत. नाक शिंकरण्याची सक्त मनाई असते, कारण शिंकरताना नाकातला दाब वाढून हवा आणि जंतू दोन्ही छिद्रातून वर ढकलले जातात. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवायचे. याच कारणासाठी कवटीच्या तळाला मार असल्याची शंका असलेल्या रुग्णाच्या नाकातून नळी घालत नाहीत, गरज पडल्यास तोंडातून घालतात. एरवी निरुपद्रवी असलेली ती नळी मोडलेल्या हाडातून मेंदूत शिरू शकते.

एवढ्याने थांबले नाही तर कमरेच्या मणक्यांमधून बारीक नळी बसवून तासाला साधारण १० मिलिलिटर पाणी काढून घेतात. पाणी बाहेर जाते म्हणून काळजी करायची आणि आणखी पाणी काढायचे, हे वरकरणी उलटे वाटते. पण ओढ्याला बाजूने पाट काढून दिला की बांधाच्या भेगेवरचा जोर कमी होतो आणि तेवढ्या वेळात ती बुजवता येते. मात्र पाट फार रुंद झाला तर घात होतो. पाणी जास्त निघाले तर वरच्या छिद्रातून हवा आत ओढली जाऊन मेंदूवर दाब येऊ शकतो, म्हणून ही नळी सतत नजर ठेवूनच वापरायची असते.

आधीच प्रतिजैविके दिली तर जंतूंचे भय उरणार नाही, असे पुष्कळांना वाटते. उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा संसर्ग होण्याआधीच सरसकट प्रतिजैविके दिल्याने मेनिंजायटिस टळतो असे सिद्ध झाले नाही. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणांना जंतुसंसर्गाने येणारी जीवघेणी सूज. उलट अशा औषधांमुळे नाकातले साधे जंतू मरून औषधाला न जुमानणारे जंतू तिथे वस्ती करण्याचा धोका असतो. त्यामानाने न्यूमोकॉकस या जंतूविरुद्धची लस देण्याचा सल्ला अधिक ठाम आहे, कारण अशा रुग्णांच्या मेनिंजायटिसमध्ये हाच जंतू सर्वाधिक आढळतो. ही लस घ्यायची राहून जाऊ नये म्हणून नातेवाइकांनी स्वतःहून विचारावे, असे मी आग्रहाने सांगेन.

थांबली म्हणजे बरी झाली ना?

बहुतेकांच्या बाबतीत होय. पण सर्वांच्या नाही. ड्युराची फाट कातडीसारखी दोन्ही कडांनी येऊन पक्की सांधत नाही आणि नाकाच्या छताचे पातळ हाडही पुन्हा नीट भरून येत नाही. अनेकदा वरून फक्त नाकाचे अस्तर पसरते, किंवा मेंदूचाच एक लहानसा भाग छिद्रात सरकून बुचासारखा बसतो. पाणी थांबते, पण भिंत पुन्हा उभी राहिलेली नसते. तिथे एक पातळ पडदा तेवढा असतो. पाण्याच्या थेंबाला अडवू शकणारा हा पडदा एखाद्या जोरदार सर्दीत सायनसमधल्या जंतूंना अडवेलच याची खात्री देता येत नाही. त्यामुळे अपघातानंतर कित्येक वर्षांनी मेनिंजायटिस होऊन रुग्णालयात आलेले आणि तेव्हाच जुन्या छिद्राचा पत्ता लागलेले रुग्ण वैद्यकाला परिचित आहेत.

याचा अर्थ थांबलेल्या प्रत्येक गळतीवर शस्त्रक्रिया करावी असा नाही. छिद्र लहान असेल आणि स्कॅनमध्ये हाडे जागच्या जागी दिसत असतील तर वाट पाहणेच योग्य. पण एखाद्याला वारंवार मेनिंजायटिस होत असेल तर डॉक्टरांनी आणि घरच्यांनीही जुन्या अपघाताची आठवण काढलीच पाहिजे, मग नाकातून एकही थेंब आलेला नसला तरी.

शस्त्रक्रियेचा निर्णय कधी होतो?

सात ते दहा दिवस उपाय करूनही गळती चालू राहिली, थांबून पुन्हा सुरू झाली किंवा एकदा मेनिंजायटिस होऊन गेला, तर छिद्र बुजवणे आवश्यक मानतात. हाडातली फट मोठी असेल, तिच्यातून मेंदू खाली उतरला असेल किंवा हवा वर शिरून दाब वाढत असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नसतो. कधी डोक्यातली गुठळी काढण्यासाठी कवटी उघडावीच लागते. मग त्याच वेळी छिद्राचीही दुरुस्ती करून घेतात.

वरून जायचे की नाकातून?

कवटी उघडून अशी गळती बंद करण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया अमेरिकन मेंदू-शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९२६ साली नोंदवली. त्यांनी मांडीच्या स्नायूवरचा चिवट पापुद्रा ठिगळ म्हणून वापरला आणि हा पापुद्रा आजही याच कामासाठी वापरला जातो. मात्र वरून जाताना मेंदूचा पुढचा भाग उचलून धरावा लागतो आणि चाळणीतून येणारे वासाचे धागे त्यात तुटण्याची भीती असते. स्वीडनचे डोलमन यांनी १९४८ मध्ये कवटी न उघडता, नाक व डोळ्यामधल्या छेदातून दुरुस्ती केली. पुढे १९८१ मध्ये जर्मनीचे विगँड यांनी नाकात दुर्बीण घालून छिद्र बुजवल्याचे नोंदवले. नाकाच्या छतातल्या आणि त्यामागच्या सायनसमधल्या बहुतांश छिद्रांसाठी आता हाच पहिला मार्ग आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन नाकपुड्यांतून काम चालते. चेहऱ्यावर छेद नसतो. छिद्र सापडले की त्याच्या कडांवरचे अस्तर आधी खरवडून दूर करतात. हे काम किचकट आणि वेळखाऊ असते, पण त्यात घाई केली तर पुढचे सगळे वाया जाते. ओल्या, धुळकट ट्यूबवर पंक्चरचे ठिगळ बसत नाही, तसेच अस्तरावर ठिगळ धरत नाही; शिवाय ठिगळाखाली दबलेले अस्तर चिकट स्राव तयार करत राहते आणि तिथे गाठ वाढते.

त्यानंतर ठिगळ बसवायचे. ते मांडीच्या किंवा कानावरच्या स्नायूचा पापुद्रा, चरबी, नाकातली कूर्चा किंवा नाकाचेच अस्तर यांतून घेतात. शक्य असेल तिथे पहिला थर छिद्राच्या वरच्या बाजूला, म्हणजे मेंदू आणि हाड यांच्या मध्ये सरकवतात. पाण्याने भरलेल्या हौदाच्या मोरीला आतून बूच बसवले की पाण्याचाच दाब ते घट्ट धरून ठेवतो. बाहेरून लावलेले बूच तोच दाब ढकलून देतो. लहान छिद्रांसाठी तर दोऱ्यात ओवलेला चरबीचा गोळा आत ढकलून दोरा हळूच खाली ओढतात, म्हणजे गोळा वरून बुचासारखा बसतो. मग खालून दुसरा थर, त्यावर जैविक गोंद आणि आधारासाठी काही दिवसांचा बोळा.

छिद्र मोठे असेल तर सुटे ठिगळ पुरत नाही, कारण ते जगण्यासाठी आजूबाजूच्या जागेतून रक्तपुरवठा होण्याची वाट पाहत असते. २००६ मध्ये अर्जेंटिनातील शल्यविशारद हदाद आणि बासागास्टेगी यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली पद्धत इथे उपयोगी पडली. नाकाच्या मधल्या पडद्यावरचे अस्तर त्याची रक्तवाहिनी न तोडता सोडवून घेऊन छिद्रावर पांघरतात. मुळे शाबूत ठेवून वाकवलेली फांदी जशी हिरवी राहते, तसे हे अस्तर पहिल्या क्षणापासून जिवंत असते. दुर्बिणीच्या दुरुस्तीला पहिल्या प्रयत्नात सुमारे ९० टक्के यश येते आणि दुसऱ्या प्रयत्नाचे यश धरले तर ते ९५ टक्क्यांच्या पुढे जाते.

तरीही वरचा मार्ग कालबाह्य झालेला नाही. कपाळातल्या सायनसची मागची भिंत चुरगळली असेल, छिद्र दुर्बिणीच्या टप्प्याबाहेर असेल किंवा मेंदूतही काम करायचे असेल, तर कवटी उघडूनच जावे लागते. कानाकडच्या छिद्रासाठी कानामागच्या हाडातून किंवा कानावरून कवटी उघडून वाट काढतात. ऐकू येणे आधीच पूर्ण गेले असेल तर कानाची पोकळी चरबीने कायमची बुजवणे हाही पर्याय असतो.

जंतूंनी भरलेल्या नाकातून मेंदूपर्यंत जाणे धोक्याचे नाही का?

ही शंका काही काळ डॉक्टरांनाही होती. पण वाट अपघाताने आधीच उघडलेली असते. शस्त्रक्रिया ती बंद करते. त्या वेळेपुरती प्रतिजैविके देतात आणि शेवटी नाकाच्या बाजूला जिवंत अस्तराचा थर येईल अशी रचना करतात. अनुभवी हातांत यानंतर संसर्गाचे प्रमाण कमी राहते. बाहेरूनच गोंदाचा थेंब टाकून भागणार नाही का, असेही विचारले जाते. निव्वळ गोंद काही दिवसांत विरघळतो. तो ठिगळ जागच्या जागी धरून ठेवायला उपयोगी आहे, ठिगळाची जागा घ्यायला नाही.

एक गोष्ट मात्र शस्त्रक्रियेआधी स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. अपघातातच वासाचे धागे तुटून गंध गेला असेल, तर छिद्र बुजवल्याने तो परत येत नाही. पुष्कळ कुटुंबांना हे नंतर कळते आणि शस्त्रक्रियेनेच वास गेला असा गैरसमज होतो. म्हणून आधी वासाची तपासणी करून तशी नोंद ठेवणे रुग्णाच्याही हिताचे आहे आणि डॉक्टरांच्याही.

शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे

पहिले काही आठवडे वर सांगितलेलीच पथ्ये पाळायची असतात: नाक शिंकरायचे नाही, जोर लावायचा नाही, विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच करायचा. या काळात नाकात खपल्या धरतात, खारे पाणी फवारल्यावर नाक वाहते आणि दर थेंबाला छातीत धस्स होते. ते साहजिक आहे. शंका आली तर पुन्हा त्याच प्रथिनाची चाचणी करता येते. ताप, मान आखडणे, उजेड सहन न होणे, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

नीट केलेली दुरुस्ती पुन्हा गळू लागली तर ठिगळालाच दोष देऊन चालत नाही. अपघातानंतर काही रुग्णांत मेंदूच्या पाण्याचे रक्तात शोषले जाणे मंदावते आणि आतला दाब हळूहळू वाढत जातो. अशा वेळी ठिगळावर ठिगळ लावले तरी पाणी नवी फट शोधते. मग आधी दाब मोजावा लागतो आणि तो सतत जास्त राहत असेल तर जादा पाणी पोटाकडे वळवणारी कायमची नळी, म्हणजे शंट, बसवावी लागते. त्यानंतरच तिसऱ्यांदा छिद्राला हात लावण्यात अर्थ असतो.